खंडानंतरची मुलाखत

दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाचे सारे लक्ष यंत्राच्या आवाजाकडे आणि डॉक्टरांच्या हाताकडे असते. खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसून तोंडात साचलेले पाणी ओढून घेणारी, मागण्यापूर्वीच पुढचे साधन डॉक्टरांच्या हाती देणारी आणि मध्येच ‘आता थोडेच राहिले’ असा धीर देणारी व्यक्ती त्याला घरी गेल्यावर सहसा आठवतही नाही. ही व्यक्ती म्हणजे दंतसाहाय्यिका. दवाखान्याच्या बोलीत तिला ‘असिस्टंट’ किंवा नुसते ‘सिस्टर’ म्हणतात. पुरुषही हे काम करतात. परंतु आपल्याकडे बहुसंख्य दवाखान्यांत ते स्त्रियांकडे आहे, आणि म्हणूनच लग्न, बाळंतपण, घरातील आजारपण, गाव बदलणे या कारणांनी ते मध्येच सुटण्याचे प्रसंगही फार. सुटलेले काम काही वर्षांनी पुन्हा मिळवायचे असेल, तर मुलाखतीला कशी तयारी करावी, हा येथे विचाराचा विषय आहे.

या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप येऊन फार काळ लोटलेला नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या शहरातील दंतवैद्य डॉ. एडमंड केल्स यांनी १८८५ मध्ये दवाखान्यात मदतनीस म्हणून एका स्त्रीची नेमणूक केली, ती या व्यवसायाची सुरुवात मानली जाते. त्या काळी एकट्या स्त्रीने पुरुष डॉक्टरांकडे जाणे शिष्टसंमत नव्हते; दवाखान्यात स्त्री मदतनीस असल्यामुळे ती अडचण दूर झाली. न्यूझीलंडमध्ये १९२१ पासून शाळकरी मुलांच्या दातांसाठी ‘डेंटल नर्स’ तयार करण्यात आल्या. त्या मुलांचे दात स्वतः भरत असत. ब्रिटनमध्ये हेच नाव दंतवैद्याच्या मदतनिसाला आहे. तेथे २००८ पासून जनरल डेंटल कौन्सिल या संस्थेच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज, किंवा रीतसर प्रशिक्षण चालू असल्याखेरीज, हे काम करता येत नाही. नाव टिकवण्यासाठी पाच वर्षांत ५० तासांचे शिक्षण दाखवावे लागते. काही वर्षे घरी राहिलेल्या परिचारिकेला आधी नोंदवहीत परत यावे लागते, मगच नोकरीचा विचार.

भारतातील स्थिती निराळी आहे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्यांबरोबर दात स्वच्छ करणारे डेंटल हायजिनिस्ट आणि कवळ्या व कृत्रिम दात बनवणारे डेंटल मेकॅनिक यांच्या नोंदवह्यांची व्यवस्था केली. खुर्चीशेजारच्या मदतनिसाला त्यात जागा नव्हती. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. तथापि गल्लीतल्या दवाखान्यात हे काम आजही बहुधा पाहून पाहूनच शिकले जाते आणि नोकरी देताना नोंदणीचा कागद क्वचितच विचारला जातो. यामुळे परत येणे सोपे होते हे खरे. पण तिची माहिती आजच्या काळाला धरून आहे की नाही, हे सांगणारी कोणतीही संस्था डॉक्टर आणि उमेदवार यांच्यामध्ये उभी नसते. जे काय ठरायचे ते दोन रुग्णांच्या मधल्या पंधरा मिनिटांच्या बोलण्यात ठरते, आणि त्यात चूक झाली तर तिची किंमत तिसराच, म्हणजे खुर्चीत येऊन बसणारा रुग्ण देतो.

समजा, एका स्त्रीने नागपुरातील दवाखान्यात सहा वर्षे काम केले, २०१५ मध्ये ते सोडले, पुढे कुटुंबाबरोबर ती इंदूरला आली आणि आता मुले मोठी झाल्यावर तिला पुन्हा काम हवे आहे. तिच्या मनात पहिली भीती असते ती ‘इतकी वर्षे काय करत होता?’ या प्रश्नाची. वास्तविक हा प्रश्न सर्वांत सोपा आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात द्यावे आणि पुढे जावे. ‘सासूबाईंचे आजारपण आणि मुलांची शाळा यांमुळे दहा वर्षे घरी होते; आता ती जबाबदारी हलकी झाली आहे, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येऊ शकते,’ एवढे पुरे. काही उमेदवार खंड झाकण्यासाठी जुन्या नोकरीची वर्षे वाढवून सांगतात. दंतवैद्यांचे वर्तुळ लहान असते, एक दूरध्वनी केला की खरे ते कळते. आणि ज्या कामात ‘हे साधन उकळले का, की नुसते पुसले?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्यावर सारी भिस्त असते, त्या कामासाठी अशी सुरुवात घातकच. उलट काही जणी खंडाबद्दल इतकी क्षमा मागत राहतात की कामाविषयी बोलायला वेळच उरत नाही. घर सांभाळणे हा गुन्हा नव्हे. त्याची सफाई देत बसण्याचे कारण नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. विसरलेली गोष्ट विचारून घेता येते. पण जी गोष्ट हाताला पक्की आठवते आणि मधल्या काळात चुकीची ठरली आहे, ती विचारली जात नाही. हात ती आपोआप करून टाकतो. वरील वाक्यातला ‘उकळले का’ हा शब्दच घ्या. उकळत्या पाण्याने पुष्कळ जंतू मरतात, पण काही जिवाणूंची बीजुके त्यातूनही वाचतात. तोंडात रक्ताला स्पर्श करणारे साधन त्यामुळे दाबाखालच्या वाफेने, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्येच निर्जंतुक करावे लागते. साधारणतः १२१ अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे किंवा १३४ अंशांना तीन ते चार मिनिटे, हे आकडे उमेदवाराच्या जिभेवर असावेत. आणि ही मोजणी यंत्र सुरू केल्यापासून नव्हे, तर ते तापमान गाठल्यापासून होते, हेही.

मुलाखत घेणारा डॉक्टर जाणता असेल तर तो आकड्यांवर थांबणार नाही. तो विचारील, ‘पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला, म्हणजे आतले साधन निर्जंतुक झाले का?’ येथे पुष्कळ अनुभवी मदतनीसही ‘हो’ म्हणून फसतात. बाहेरच्या पट्टीचा रंग एवढेच सांगतो की पाकीट तापलेल्या यंत्रातून जाऊन आले आहे. वाफ आतपर्यंत पुरेसा वेळ पोहोचली का, हे तो सांगत नाही. त्यासाठी पाकिटाच्या आतही दर्शक ठेवतात आणि ठराविक काळाने, शक्यतो दर आठवड्याला, बीजुकांची चाचणी घेतात. शिवाय साधनावर रक्त किंवा सिमेंट वाळून बसले असेल तर वाफही त्याखाली पोहोचत नाही. म्हणून आधी घासून किंवा अल्ट्रासोनिक यंत्रात स्वच्छ करणे, धुणे, कोरडे करणे, पाकिटात भरणे आणि यंत्र ठासून न भरता पाकिटे मोकळी रचणे हा क्रम आहे. दाताला छिद्र पाडणारे हॅण्डपीस दोन रुग्णांच्या मध्ये स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वापरण्याची जुनी रीत अनेक ठिकाणी होती. हॅण्डपीसच्या आत लाळ व रक्त ओढले जाते. ते बाहेरून पुसून निघत नाही. ज्या उमेदवाराने ही रीत पूर्वी पाळली असेल, तिने ती आता सोडल्याचे आपण होऊन सांगितले, तर डॉक्टरांना तिच्याविषयी जे कळते ते कोणत्याही प्रमाणपत्रातून कळणार नाही.

कचऱ्याचे नियमही मधल्या काळात बदलले. जैववैद्यकीय कचऱ्याचे १९९८ चे नियम जाऊन २०१६ मध्ये नवे आले. जुन्या पद्धतीतली काळी पिशवी त्यांत उरली नाही. रक्ताने भिजलेला कापूस आणि काढलेला दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया व ब्लेड पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात आणि औषधाच्या काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात, अशी आता विभागणी आहे. पाऱ्याचे भरण असलेला दात मात्र जाळण्याच्या कचऱ्यात जाऊ देऊ नये, कारण उष्णतेने पाऱ्याची वाफ होते. एकंदरीत पाऱ्याचे चांदीसारखे दिसणारे भरणच मागे पडत चालले आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२२ मध्ये पंधरा वर्षांखालील मुले आणि गर्भवती यांच्यासाठी ते शक्यतो न वापरण्याचे ठरवले. त्याऐवजी दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट वापरतात. ते भरताना दात अगदी कोरडा राहावा लागतो, आणि तो कोरडा ठेवणे बव्हंशी साहाय्यिकेच्या हाती असते.

२०२० च्या कोविड साथीने हवेत उडणाऱ्या तुषारांकडे सर्वांचे लक्ष वेधले. मुखपट्टी, चेहऱ्यावरची ढाल, जोरदार ओढणारे सक्शन, खोलीत हवा खेळती ठेवणे या गोष्टी त्यापूर्वी ऐच्छिक वाटत. त्या वर्षी घरी असलेल्या व्यक्तीने त्यांची माहिती करून घेतली पाहिजे. क्ष-किरणांची फिल्म औषधात धुण्याऐवजी चित्र थेट संगणकावर येऊ लागले आहे. तरी एक नियम जुनाच आहे. रुग्णाच्या तोंडातली फिल्म किंवा सेन्सर साहाय्यिकेने स्वतः धरून उभे राहायचे नाही, किरण सोडताना आडोशामागे किंवा पुरेसे दूर जायचे. संगणकावर वेळा नोंदवणे आणि पैसे भ्रमणध्वनीवरून स्वीकारणे ही कामे आठवडाभरात येतात. त्यांची धास्ती घेऊ नये.

दातांचे क्रमांक मात्र घरीच घोटून ठेवावेत. तोंडाचे चार भाग कल्पून रुग्णाच्या उजव्या वरच्या बाजूला एक, डाव्या वरच्या बाजूला दोन, डाव्या खालच्या बाजूला तीन आणि उजव्या खालच्या बाजूला चार असा पहिला अंक देतात. दुसरा अंक मधल्या दातापासून मागे मोजत जातो. म्हणून डॉक्टर ‘तीन-सहा’ म्हणतात तेव्हा ती खालची डावी, पहिली मोठी दाढ असते. ‘छत्तीस’ असे वाचणे टाळावे, कारण प्रत्येक अंकाला स्वतंत्र अर्थ आहे. दुधाच्या दातांना पाच ते आठ हे पहिले अंक आहेत. रुग्ण समोर असतो तेव्हा त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. क्षणभराच्या विसराने चुकीच्या बाजूची फिल्म निघू शकते, हे लक्षात घेतले की या पाठांतराचा कंटाळा येत नाही.

बसण्याचीही एक रीत आहे. रुग्णाचे डोके घड्याळाची तबकडी मानली, तर उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर साधारण नऊ ते बाराच्या दरम्यान बसतो आणि साहाय्यिका दोन ते चारच्या दरम्यान. तिचे आसन डॉक्टरांच्या आसनापेक्षा काहीसे उंच हवे, म्हणजे तिला तोंडातले दिसते. साधने रुग्णाच्या हनुवटीजवळून दिली-घेतली जातात. डोळ्यांवरून कधीही नाही. या गोष्टी वाचून कळतात, पण वाचून येत नाहीत. ओळखीच्या दवाखान्यात परवानगी घेऊन दोन-तीन दिवस नुसते उभे राहून पाहिले, तरी हाताची जुनी आठवण जागी होते. मुलाखतीत ‘गेल्या आठवड्यात तीन दिवस पाहायला गेले होते’ असे सांगता आले, तर दहा वर्षांचा खंड बराच लहान होतो.

आता भाषेविषयी. रुग्ण ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणत नाही; तो म्हणतो, ‘थंड पाण्याने दात शिवशिवतो.’ चिंच किंवा कैरी खाऊन दात आंबतात. दाढ ठणकते, हिरडी फुगते, फटीत घास अडकतो. या शब्दांत नेमकेपणा आहे. गार पाण्याने क्षणभर शिवशिवून थांबणारा दात आणि रात्री आडवे झाल्यावर ठणका लावणारी दाढ यांची दुखणी बहुधा वेगळी असतात, दुसऱ्या दुखण्यात आतली नस सुजल्याचा संशय येतो. निदान करणे हे साहाय्यिकेचे काम नाही. पण रुग्णाने उच्चारलेला शब्द बदल न करता डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हे तिचेच काम आहे. ‘दात दुखतो’ एवढेच टिपून तिने तो शब्द गाळला, तर उपयोगाची माहिती गळाली. इंदूरमध्ये हीच तक्रार ‘ठंडा-गरम लगता है’ अशा शब्दांत येईल. नागपूरकडच्या उमेदवाराला हिंदी परकी नसते. तरीही त्या त्या गावचे दुखण्याचे शब्द मुद्दाम ऐकून ठेवावेत. बडोदा, बेळगाव, हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या मराठी उमेदवारांना ही मेहनत अधिक घ्यावी लागेल, पण दोन भाषा जाणणारी मदतनीस कोणत्याही दवाखान्याला हवीच असते.

‘दात काढलेल्या रुग्णाला काय सांगाल ते मला सांगून दाखवा,’ अशी परीक्षा डॉक्टर हमखास घेतात. येथे इंग्रजी शब्दांचा उपयोग नाही. ‘बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. लाळ गिळा, थुंकू नका. आज चूळ भरू नका, गरम चहा नको, तंबाखू-मिश्री अजिबात नको. उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या करा. रक्त थांबले नाही तर लगेच फोन करा.’ वाक्ये लहान आहेत, प्रत्येकात एकच गोष्ट आहे. बधिर गालाने आणि भेदरलेल्या मनाने ऐकणाऱ्या माणसाच्या लक्षात एवढेच राहते. कारण सांगितले तर आणखी बरे: सारखे थुंकल्याने किंवा चूळ भरल्याने खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निघून येते. आरशासमोर नव्हे, तर घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला समोर बसवून हे सांगावे आणि थोड्या वेळाने त्याला काय आठवते ते विचारावे.

दात काढण्याआधी काय विचाराल, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न. मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, स्त्री गर्भवती आहे का, सकाळपासून काही खाल्ले आहे का. रुग्णाला भोवळ आली तर खुर्ची आडवी करून पाय वर घ्यावेत आणि डॉक्टरांना हाक मारावी. पाणी पाजण्याची घाई करू नये.

एक प्रश्न उमेदवाराच्या स्वतःच्या जिवाशी निगडित आहे: वापरलेली सुई हाताला टोचली तर? वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावू नये. टोपण ट्रेमध्ये ठेवून एकाच हाताने सुईच्या टोकाने ते उचलून घ्यावे. तरीही टोचलीच, तर बोट तोंडात घालू नये, पिळू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे आणि ताबडतोब डॉक्टरांना सांगावे. एच.आय.व्ही.चा धोका असल्यास प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायचे असते, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. रागावतील या भीतीने ही गोष्ट लपवणारी माणसे याच वेळेला मुकतात. कावीळ ‘ब’ ची लस तर मुलाखतीला जाण्यापूर्वीच सुरू करावी. तिच्या तीन मात्रा असतात. पहिलीनंतर एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. पूर्वी घेतली असेल तर त्याचा कागद शोधून ठेवावा. नसेल तर विचारण्यात संकोच नको, कारण २०१६ च्या नियमांनी हा कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ ‘ब’ आणि धनुर्वाताची लस देण्याची व प्रशिक्षणाची जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्यावरच टाकली आहे. या प्रश्नाने चांगला डॉक्टर नाराज होत नाही. जो होतो, त्याच्याकडे ऑटोक्लेव्ह कुठे ठेवला आहे हे जाताना पाहून घ्यावे.

पोशाख, वेळेवर पोहोचणे, माहितीपत्रक एका पानाचे असणे याविषयी अन्यत्र पुष्कळ सांगितले जाते. दंतदवाखान्यापुरते एवढेच की नखे कापलेली असावीत, हातात बांगड्या-अंगठ्या नसाव्यात आणि केस बांधलेले असावेत; हे तपासले जाते, सांगितले मात्र जात नाही. माहितीपत्रकात ‘सर्व कामे येतात’ असे लिहिण्यापेक्षा कोणत्या उपचारांत मदत केली आहे ते लिहावे: दात काढणे, रूट कॅनॉल, लहान मुलांचे उपचार, कवळीची मापे. जे पाहिले आहे पण केले नाही, तेही तसेच लिहावे. हाडात बसवायच्या दातांचे, म्हणजे इम्प्लांटचे काम पूर्वीच्या दवाखान्यात होत नसेल, तर ‘हे मी केलेले नाही, शिकायला आवडेल’ हे उत्तर पुरेसे आहे.

मुलाखत समाधानकारक झाली की बहुतेक ठिकाणी एक दिवस काम करून दाखवायला सांगतात. त्या दिवशी वेगाने काम करण्याचा मोह टाळावा. कपाटे आणि खण कोठे काय आहे ते सकाळी विचारून घ्यावे, प्रत्येक रुग्णानंतर हातमोजे बदलावेत, एखादे साधन खाली पडले तर ते उचलून पुन्हा ट्रेवर न ठेवता सरळ धुण्याच्या ताटात टाकावे. डॉक्टरांचे डोळे त्या क्षणी तोंडात असले, तरी साधन पडल्याचा आवाज त्यांनी ऐकलेला असतो. दिवस संपताना पगार, कामाचे तास, रविवारची सुटी आणि मुलांच्या परीक्षेच्या दिवसांतील रजा यांविषयी स्पष्ट बोलून घ्यावे आणि जे ठरेल ते दवाखान्याच्या कागदावर तारखेसह लिहून मागावे.